हलून आलेला राजा

आमच्या घरमालकांसमोर ‘तेच’ हा शब्द काढायची सोय नव्हती. सकाळी दूधवाला दारात येऊन सवयीनं म्हणायचा, “घ्या पंच, रोजचंच दूध हाय.” झालं! पंच पातेलं घेऊन उंबऱ्यातच उभे. “रोजचंच कसं? म्हस तीच, हे मान्य. पण काल ती वाळल्या वैरणीवर हुती, आज वलं गवत खाऊन आलीया. मग दूध तेच कसं म्हनतोस?” दूधवाल्याला अजून अर्धी पेठ फिरायची असे. “बरं, दुसरं दूध हाय, घ्या की आता,” म्हणून तो सुटका करून घेई आणि पंच समाधानानं आत वळत.

काकूंनी या स्वभावाचा चांगलाच फायदा करून घेतला होता. “तीस वर्षं मी एकच आमटी करतीया,” त्या मला म्हणाल्या होत्या, “आन् ह्यास्नी ती रोज नवी लागती. अजून काय पायजे मला?”

मी मूळची आजऱ्याची. कोल्हापुरात पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि मंगळवार पेठेत पंचांच्या माडीवरची खोली मिळाली. खोली बघताना मी सहज म्हणाले, “खालच्या खोलीसारखीच आहे की.” त्यांनी मला पुन्हा खाली नेलं, खिडकी भिंतीपासून किती वीत आहे ते मोजून दाखवलं, वर आणलं, तिथली खिडकी मोजली आणि म्हणाले, “आता सांगा बाई, सारखी हाय का?” नाही म्हणाले तेव्हा किल्ली मिळाली. सगळा जन्म सरकारी मोजणी खात्यात गेलेला. हद्दीचा दगड जागेवरचाच आहे की कुणी हळूच सरकवलाय, हे ठरवत शेताशेतांतून हिंडलेला माणूस. पण हे सगळं खात्याच्या माथी मारता येणार नाही. खात्यात इतरही शेकडो लोक होते आणि ते दूधवाल्याशी भांडत नसत.

एकदा ते देवळातून आले आणि दारात पायताण काढताना थबकले. पायातलं कोल्हापुरी पायताण त्यांचं नव्हतं. माप तेच, कातडं तेच, बहुतेक कारागीरही तोच. काकू म्हणाल्या, “असूं दे की. त्यालाबी कळलं नसंल.” पंच उलट्या पावली देवळात गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघत दिवे लागेपर्यंत उभे राहिले. शेवटी एक जण सापडला. तो अदलाबदल करताना म्हणाला, “पावणं, मला तर कायबी फरक वाटला न्हाय.” घरी आल्यावर पंचांनी हे वाक्य इतक्या दुःखानं सांगितलं, की त्या माणसाचं कुणी गेलंय असं वाटावं.

पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या खोलीत बुद्धिबळाचा अड्डा होता. खाली पोरं मातीत घुमत, वर मोठी माणसं डोकं धरून बसत. जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून हेच असायचे, म्हणून सगळी पेठ त्यांना पंचच म्हणे. बुद्धिबळात एक नियम आहे: एकाच डावात तीच स्थिती तीनदा आली, तर खेळाडूला बरोबरी मागता येते. अशी मागणी आली की पंचांना उधाण यायचं. ते घड्याळं थांबवायचे, दोघांचे लिहिलेले डाव मागवायचे, दुसऱ्या पटावर पहिल्यापासून सगळ्या चाली लावायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. “सोंगट्या त्याच घरांत हायत का? चाल कुणाची हाय? आन् कुणाचा काय हक्क शिल्लक हाय?” तिन्ही उत्तरं जुळली तरच स्थिती एक.

हेच प्रश्न ते पटाबाहेरही लावायचे. शेजारची सून भांडून माहेरी गेली होती ती परत आली. बायका म्हणाल्या, चला, सगळं पहिल्यासारखं झालं. पंच गॅलरीतून म्हणाले, “सोंगट्या त्याच घरांत आल्यात, खरं हाय. पण हक्क कुणाचा गेला ते बगा अगुदर.” ते ऐकून सासूनं त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. पंचांना त्याचा पत्ताही नव्हता.

अशात आमच्या पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर आला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे देवघरच. खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. माझ्याकडे त्या खोलीची किल्ली असल्यामुळे मी फार हवेत होते. शनिवारी दुपारी कुणी नसताना मी त्यावर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो खेळायला लागला, पण वेड्यासारखा. जिंकत आलेला डाव असायचा आणि यंत्र आपलं हत्ती इकडून तिकडे, तिकडून इकडे करत बसायचं. हीच स्थिती मघाशी येऊन गेली, हे त्याला कळतच नव्हतं.

मी हे पंचांना सांगितलं तेव्हा ते पाटावरून उठले. “यंत्राला ‘तेच’ कळत न्हाय?” त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. जन्मात पहिल्यांदा आपल्या जातीचं कुणी भेटावं तसे ते बघत होते.

मग मी त्यांना एका मासिकात वाचलेली युक्ती समजावून सांगितली. असं समजा की भिंतीवर सोळा दिवे आहेत आणि सोळा बटणं. प्रत्येक सोंगटीला, ती ज्या घरात बसेल त्या घरासाठी, बटणांची एक यादी द्यायची. पांढरा घोडा अमुक घरात आला की त्याच्या यादीतली बटणं दाबायची. तो तिथून उठला की तीच बटणं पुन्हा दाबायची, म्हणजे त्याची खूण पुसली जाते. सगळ्या सोंगट्यांची बटणं दाबून झाल्यावर जे दिवे लागलेले राहतील, ते त्या स्थितीचं नाव. पुढं कधी नेमके तेच दिवे लागले, की यंत्रानं समजायचं, इथं आपण येऊन गेलोय. अट एवढीच, की या याद्या कुठल्याही नियमानं बनवायच्या नाहीत. त्या निव्वळ नशिबानं पडल्या पाहिजेत. यंत्र तसे आकडे स्वतःच काढून देतं.

“यंत्रच आकडे काढणार आन् यंत्रच न्याय करणार?” पंच म्हणाले. “खेळाडू आन् पंच एकच व्हय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या बरणीतले चिंचोके घेतले, घासून अर्धे केले आणि प्रत्येकावर शाईनं एक ते सोळा नंबर घातले. एक अंग पांढरं, एक काळं. पांढरं पडलं तर ते बटण दाबायचं, काळं पडलं तर नाही. बारा जातीच्या सोंगट्या आणि चौसष्ट घरं म्हणजे सातशे अडुसष्ट खेपा, वर चाल कुणाची हे दाखवायला एक. पंच कचेरीतून आले की गॅलरीत चिंचोके उधळत बसायचे आणि वहीत लिहायचे. काकू म्हणायच्या, “साठीला आलेला माणूस पोरींचा खेळ खेळतोय, आन् तू त्याला आकडं सांगतीस.” एकदा अकरा नंबरचा चिंचोका मोरीत गेला. मी म्हणाले, दुसरा घ्या. त्यांनी बाही सारून मोरीत हात घातला आणि तोच अकरा नंबर बाहेर काढला.

सगळं झाल्यावर त्यांना शंका आली. “दोन येगळ्या मांडण्यांचे दिवे सारखेच लागले तर?” मी म्हणाले, क्वचित लागू शकतात. “म्हंजे येगळ्या माणसाला तोच म्हनून धरणार?” आणि त्यांनी पहिल्यापासून सगळ्या खेपा पुन्हा टाकल्या, म्हणजे आता सोळाऐवजी बत्तीस दिवे. मी ते आकडे टाईप करता करता मेटाकुटीला आले, पण प्रोग्रॅम चालला. यंत्राचं हत्ती फिरवायचं वेड गेलं.

मग एका शनिवारी पंचांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. कुठल्यातरी डावाच्या चाली होत्या, वर नाव नव्हतं. “ह्यो घालून बगायचा,” म्हणाले. ते टोपी शोधत होते तेवढ्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. “त्यो मलकापूरच्या टेलरचा डाव हाय.”

टेलर आणि पंच जिवाभावाचे मित्र. स्पर्धेला आला की टेलर यांच्याकडेच उतरायचा, काकूंच्या हातचं जेवायचा. आणीबाणी उठली त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तो पहिला येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि पहिला येणारा राज्य स्पर्धेला जायचा. शेवटच्या डावात त्याची बाजू चढी होती, पण घड्याळात वेळ थोडा उरला होता. ठरलेल्या चाली पुऱ्या केल्या की वाढीव वेळ मिळतो, म्हणून मोजून चाली काढत तो वजीर पुढं नेई आणि मागं आणी, आणि समोरचा आपला राजा घरातून बाजूला सरकवी आणि परत आणी. राजा दुसऱ्यांदा घरी परत यायच्या आधी समोरच्यानं ती चाल कागदावर लिहून हात वर केला: पहिली धरून स्थिती तीनदा झाली, बरोबरी द्या. टेलर म्हणाला, दोनदाच झालीय. पंचांनी डाव पुन्हा लावला, सगळ्यांना दाखवलं आणि तीनदा म्हणून निकाल दिला. टेलर ओरडत राहिला, “हे तेच न्हाय!” आणि लोक हसत राहिले, कारण सोंगट्या तर डोळ्यांसमोर त्याच घरांत होत्या. अर्ध्या गुणानं त्याची जागा गेली. “नऊ वर्षं झाली,” काकू म्हणाल्या. “परत ह्या दारात आला न्हाय. ह्यांनी त्यो कागुद कितीदा काढला आन् ठेवला, मी बगिटलंय.”

एसीच्या खोलीत पंच अनवाणी, टोपी हातात धरून उभे राहिले. ते एकेक चाल वाचत होते, मी टाईप करत होते. शेवटची चाल घातली आणि पडद्यावर आकडा आला: ३.

पंचांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “बगा. यंत्रबी तेच म्हनतंय.”

मला आठवतंय, मी चमकून पाहिलं, कारण हा शब्द त्यांनी हरकत न घेता वापरलेला मी कधी ऐकला नव्हता. येताना त्यांनी बर्फी घेतली, पान खाल्लं, काकूंसाठी गजरा आणला. त्या रात्री आमटी चांगली झालीय, कालच्यासारखीच, असंही म्हणाले. काकू घाबरल्या. मी मात्र खूष होते. नऊ वर्षांचं एका माणसाच्या मनावरचं ओझं माझ्या प्रोग्रॅमनं उतरवलं, असं समजून मी शांत झोपले.

सकाळी दार उघडलं तर पंच जिन्यात बसलेले. दाढी केलेली नव्हती. “बाई, तुमचा प्रोग्रॅम चुकलाय.”

“कुठं?”

“तिसरा प्रश्न कुठं हाय त्यात?”

मी कपाळाला हात लावला. सोंगट्यांचे आकडे होते, चालीचा होता, हक्कांचे नव्हतेच. आणि दीड हजार खेपा टाकताना, मोरीत हात घालणाऱ्या या माणसाला त्याची आठवण झाली नाही, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

“मला म्हाईत हुतं,” ते म्हणाले. “मुद्दाम बोललो न्हाय. एकदा तरी कुणीतरी तीन म्हनावं, असं वाटलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याकडच्या देशी डावात राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायचा हक्क असतो. शह बसला की तो हक्क जातो. पण शह बसला नसेल तर राजा कितीही हिंडून आला तरी हक्क शाबूत. पंच त्याच डावावर वाढलेले. स्पर्धेतल्या विलायती डावात उडीच्या जागी किल्ला बांधायचा हक्क असतो, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचा, आणि तिथं राजा एकदा जागचा हलला की हक्क कायमचा गेला, मग तो घरी परत येऊन बसला तरी. पंचांनी त्या दिवशी स्वतःला तिसरा प्रश्न विचारला होता. उत्तर मात्र देशी दिलं: राजाला शह बसलेला नाही, म्हणजे हक्क आहे तसाच. खरं तर पहिल्या वेळी, जागचा हलण्याआधी, त्या राजाला किल्ला बांधता येत होता, पुढच्या दोन्ही वेळी येत नव्हता. स्थिती दोनदाच झाली होती.

“कवा कळलं तुम्हाला?” मी विचारलं. कोल्हापुरात राहून माझी भाषाही बिघडत चालली होती.

“फुडच्याच साली. नियमाचं नवं पुस्तक आलं, त्यात वाचलं. तवर राज्याची स्पर्धा होऊन गेलती. आता सांगून काय उपेग, असं मनाला म्हनलो.” त्यांनी खिशात हात घातला. “चला. चिंचोके आणलेत.”

किल्ल्याच्या हक्कांचे चार आकडे आणि प्याद्याला वाटेत मारायच्या हक्काचे आठ. दोन-दोनदा धरून चोवीस खेपा. त्यांनी त्या जिन्यातच बसून टाकल्या. खोलीची किल्ली माझ्याकडे होतीच. रविवार असूनही आम्ही गेलो आणि डाव पुन्हा घातला. पडद्यावर २ आला. मला पंचांचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि नक्की काय जास्त ते मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मलकापूरला गेलो. काकूंनी मला मुद्दाम सोबत धाडलं. “न्हाईतर शाहूवाडीपातूर जाऊन परत येतील,” म्हणाल्या. रत्नागिरी रस्त्याला लागून टेलरचं दुकान होतं, पुढं मशीन आणि मागं घर. आत दोन गिऱ्हाइकं होती, एक बाकावर बसलेलं. टेलर, पांढरी दाढी राखलेला, किरकोळ माणूस, दुसऱ्याचं माप घेत होता. त्यानं पंचांना पाहिलं, पण फीत हातातून सोडली नाही.

पंचांनी बसायलाही वेळ घेतला नाही. उभ्यानंच म्हणाले, “टेलर, त्यो डाव दोनदाच झालता. तू बरोबर हुतास.”

“कुठला डाव?” बाकावरचा माणूस म्हणाला. टेलरनं मात्र विचारलं नाही. तो म्हणाला, “कवा कळलं तुला?”

“फुडच्या साली.”

“मंग आठ वर्सं काय करत हुतास?”

“भ्यालो,” पंच म्हणाले.

टेलरनं फीत मशीनवर आपटली आणि मग रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. “लोक हसली त्याचं काय न्हाय रं! मला वाटलं माझंच डोस्कं गेलं! समद्यांस्नी तीनदा दिसतंय आन् मला एकट्यालाच दोनदा! पट माळ्यावर टाकून दिला. कापडाला कात्री लावायला हात धजंना माझा. एकेक माप तीन-तीनदा घेतो अजून, इच्यार ह्यास्नी!” ज्याचं माप चाललं होतं त्यानं हात वर धरूनच मान डोलावली. “लिवून दे मला. आत्ताच्या आत्ता.”

पंचांनी खिशातून पेन काढलं. हाताला खात्याची सवय. त्यांनी लिहिलं, ‘सदर डावाचे निर्णयात नियमाचे आकलनाअभावी त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले.’ टेलरनं वाचलं आणि कागद परत त्यांच्या छातीवर ठेवला. “ह्ये कुणाचं हाय, तलाठ्याचं? सरळ लिव्ह की.”

पंचांनी ते खोडलं. खाली लिहिलं, ‘टेलरचं बरोबर होतं. माझं चुकलं. मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही.’ सही केली, तारीख घातली.

ओरडणं ऐकून टेलरची बायको पडदा सारून बाहेर आली होती. तिनं पंचांना ओळखलं. कागद हातात घेऊन तिनं उलटसुलट बघितला आणि त्यांच्याच हातात दिला. “मला वाचाय येत न्हाय. तुमीच वाचून दावा, भाईजान. मोठ्यानं.”

पंचांनी टोपी सरळ केली आणि तीन ओळी वाचल्या. टेलर आमच्याकडे पाठ करून मशीनवर बसला होता, पाय पट्टीवर ठेवून, पण मशीन चालवत नव्हता.

“म्हंजे झालं काय?” बाकावरच्या माणसानं विचारलं.

“ह्यांचं बरोबर हुतं,” ती म्हणाली. “येवढंच झालं.” मग तिनं तो कागद पंचांच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि आम्हाला हळूच म्हणाली, “आता तुमी जावा. ते रडाय लागल्यात, आन् गिऱ्हाइकाम्होरं रडल्यालं त्यास्नी चालत न्हाय.”

आम्ही खाली रस्त्यावर आलो. कोल्हापूरची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी घाई करू लागले, पण पंच दुकानाकडे कान लावून उभेच राहिले. मशीन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.